शिडी, काठ्या आणि चाळीस वर्षांचा हप्ता

परवा शनिवारी आमच्या टेबलावर एक आर्थिक घोटाळा झाला. घोटाळा करणारा सीए, घोटाळा डोळ्यांसमोर होऊनही तोंडात बोट घालून बसलेला मी, आणि घोटाळ्याची वस्तू म्हणजे लाकडी शिडी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं प्रास्ताविक. आम्ही पाच-सहा टाळकी महिन्यातून दोनदा जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. हा कॉम्प्युटरवरचा गेम नाही. टेबल, कागद, पेन्सिल, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि भरपूर बडबड, एवढंच भांडवल. प्रत्येक जण एकेक पात्र होतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. आणि एक जण 'डंजन मास्टर' होतो, म्हणजे बाकीचं सगळं जग तो एकटा चालवतो. राक्षस तोच, राजा तोच, आणि बाजारातला दुकानदारही तोच. आमच्याकडे ही हमाली गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

आम्ही अजूनही २००३ सालची साडेतीनावी आवृत्ती खेळतो. (हो, साडेतीन. सॉफ्टवेअरवाल्यांना यात वावगं वाटणार नाही.) त्या पुस्तकात सामानाची लांबलचक किंमत-यादी आहे. आमचा सीए मित्र पंधरा मिनिटं ती यादी वाचत बसला होता. मला वाटलं, याला कंटाळा आला. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "साहेब, दहा फुटी शिडी केवढ्याला?"

"पाच तांब्याची नाणी."

"आणि दहा फुटी काठी?"

"दोन चांदीची. म्हणजे वीस तांब्याची."

"शिडीच्या पायऱ्या काढल्या की दोन काठ्या उरतात ना?"

मी गप्प. पुस्तकातला नियम असा, की सामान विकताना अर्धी किंमत मिळते. म्हणजे पाच नाण्यांची शिडी घ्यायची, मोडायची, दोन काठ्या प्रत्येकी दहाला विकायच्या. पाचाचे वीस. त्याच्याकडे सोन्याची शंभर नाणी होती. त्याने तिथेच मोबाइलवर हिशोब केला: शंभराचे चारशे, चारशेचे सोळाशे, आणि पाचव्या फेरीला एक लाख दोन हजार चारशे. ड्रॅगनच्या गुहेत जायची गरजच काय? सुतारकाम करू!

हा शोध त्याचा नव्हे बरं का. शिडीची ही युक्ती जगभरच्या खेळाडूंमध्ये जुनीच प्रसिद्ध आहे. पण ती पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या टेबलावर घडताना बघणं वेगळं. प्रॉडक्शनवर बग फुटल्यावर पोटात जो गोळा येतो, तोच आला. त्या रात्री घरी येऊन मी जुनी पुस्तकं काढून बसलो. प्रश्न साधा होता: काल्पनिक जगात व्यापाराचे नियम करायचे तर ते करणाऱ्यांनी आजवर काय काय केलं, आणि ते कुठे कुठे फसले? इतिहास पन्नासेक वर्षांचाच आहे, पण मोठा मजेशीर आहे.

सुरुवात १९७४ पासून. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नसन या दोघांनी तीन छोट्या पुस्तिकांच्या संचात पहिलं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं. दोघेही युद्धाचे खेळ खेळणारे. त्यांना व्यापाराशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांनी एक नियम केला, ज्याने पुढच्या सगळ्या भानगडी सुरू झाल्या: गुहेतून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण. म्हणजे सोनं हा पैसा नव्हताच मुळी, तो स्कोअर होता! क्रिकेटमधल्या धावांसारखा. धावा मोजून झाल्या की संपलं, त्या घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. इथे मात्र धावा काढून झाल्यावर त्या खिशात उरत, आणि खेळाडू त्या घेऊन खरंच बाजारात जाई.

आता गंमत बघा. चार पोरं गुहेत जातात, आठवड्याभरात हजारो नाणी घेऊन परत येतात, आणि ज्या खेड्यात परततात तिथल्या शेतकऱ्याने आयुष्यात सोन्याचं नाणं बघितलेलं नसतं. त्या खेड्याचं काय होईल? ज्यांच्या गावाशेजारच्या जमिनी आयटी पार्कसाठी गेल्या त्यांना याचं उत्तर सांगायला नको.

गायगॅक्सला ही अडचण दिसली होती. आणि त्याने ती ज्या पद्धतीने सोडवली, तिला मी प्रोग्रामर म्हणून सलाम करतो. त्याने बगला फीचर करून टाकलं. १९७८ चं खेळाडूंचं पुस्तक आणि १९७९ चं डंजन मास्टरचं पुस्तक, दोन्हींत तो सांगतो की बाबांनो, या किमती मध्ययुगीन इंग्लंडच्या नाहीत. तुमचं गाव म्हणजे सोन्याच्या खाणी सापडल्यावरचं अलास्का समजा, जिथे एकेक अंडं डॉलरला विकलं जाई. म्हणजे महागाई मुद्दाम धरलेली आहे. वर्तमानात नियम पटत नसेल तर इतिहासातून असा प्रसंग शोधायचा जिथे तो पटेल.

पण नुसत्या चढ्या किमतींनी भागेना. आलेलं सोनं काढून कसं घ्यायचं? म्हणून १९७९ च्या पुस्तकात खर्चांची रांगच लावली आहे. दर महिन्याला पात्राच्या प्रत्येक पातळीमागे शंभर सोन्याची नाणी राहणीमानाचा खर्च. वरची पातळी गाठायची तर गुरूकडे प्रशिक्षण घ्या, त्याची फी आठवड्याला हजारोंच्या घरात. शिवाय कर, जकात, भाडोत्री शिपायांचे पगार. खेळाडूंना वाटायचं की मास्टर खडूस आहे. मास्टर बिचारा रिझर्व्ह बँकेचं काम करत होता!

पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याला गुण देण्याचा नियम ऐच्छिक झाला, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेलाच. सोनं आता स्कोअर राहिलं नाही आणि पैसाही धड झालं नाही. उरली फक्त किंमत-यादी. आणि यादीत शिडी पाचाला, काठी वीसला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. किंमत-यादी म्हणजे व्यापार नव्हे. आमच्या सीएची युक्ती चालते, कारण यादीला चार प्रश्न विचारताच येत नाहीत. चार हजार काठ्या विकत घेणार कोण? त्या वाहून नेणार कोण? मोडायला वेळ किती? आणि समोरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात तेवढे पैसे आहेत का? यादीत गिऱ्हाईक नाही, अंतर नाही, वेळ नाही आणि गल्ला नाही. या चार गोष्टी काढून टाकल्या की व्यापार म्हणजे नुसता गुणाकार.

हे १९७७ सालीच एका माणसाला कळलं होतं. त्याचं नाव मार्क मिलर, आणि त्याच्या खेळाचं नाव 'ट्रॅव्हलर'. प्रकाशक गेम डिझायनर्स वर्कशॉप. हा खेळ तलवारी-ड्रॅगनांचा नाही, अंतराळातला आहे. पण फँटसीवाल्यांनी व्यापार शिकायचा तर इथेच. (या खेळाच्या जुन्या नियमांत पात्र तयार करता करताच मरू शकतं. खेळ सुरू व्हायच्या आधी! पण ते पुन्हा कधीतरी.)

ट्रॅव्हलरमध्ये तुमच्याकडे एक छोटं मालवाहू जहाज असू शकतं, 'फ्री ट्रेडर'. दोनशे टनांचं. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. एवढे पैसे कुणाकडे असणार? म्हणून बँक. २० टक्के आधी भरायचे आणि मग दर महिन्याला किमतीचा २४० वा भाग, असे ४८० हप्ते. ४८० महिने म्हणजे चाळीस वर्षं. सगळं मिळून मूळ किमतीच्या २२० टक्के तुम्ही भरता. हप्ता किती? १ लाख ५४ हजार ५०० क्रेडिट.

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे आकडे वाचताना अंतराळात गेल्यासारखं अजिबात वाटत नाही. :-)

आता या जहाजाची कमाई बघू. मालाच्या खणात ८२ टन जागा. दुसऱ्याचा माल वाहून नेण्याचं भाडं ठरलेलं: एका खेपेला टनामागे हजार क्रेडिट. एका उडीला साधारण आठवडा लागतो, मग उतरून माल चढवायला-उतरवायला आणखी काही दिवस. म्हणजे महिन्याला दोन खेपा. खण दोन्ही वेळा काठोकाठ भरला, तर १ लाख ६४ हजार. हप्ता वजा केला की उरले ९,५००. आता पगार. वैमानिकाला ६ हजार, इंजिनिअरला ४ हजार, प्रवाशांची सरबराई करणाऱ्याला ३ हजार, डॉक्टरला २ हजार. झाले १५ हजार. इंधन अजून धरलेलंच नाही, आणि आपण साडेपाच हजारांनी खड्ड्यात!

मग प्रवासी घ्यायचे. पहिल्या वर्गाच्या केबिनला १० हजार, आणि शीतपेटीत झोपून जाणाऱ्या गरिबाला १ हजार. सगळ्या केबिन भरल्या तर बरं चालतं. पण प्रवासी किती येणार ते फासे ठरवतात, आणि ज्या ग्रहावर वस्तीच विरळ तिथे येऊन येऊन किती येणार? इंधनाचंही तसंच. शुद्ध इंधन टनाला ५०० क्रेडिट, अशुद्ध १००. अशुद्ध भरलं तर पैसे वाचतात, पण उडी चुकण्याची शक्यता वाढते. महिनाअखेरीला, खिसा रिकामा असताना, तुम्ही कुठलं भराल?

आणि मग येतो सट्ट्याचा माल. दुसऱ्याचा माल वाहण्याऐवजी स्वतः विकत घ्यायचा आणि दुसऱ्या ग्रहावर विकायचा. भाव फाशांवर, मूळ किमतीच्या ४० टक्क्यांपासून ४०० टक्क्यांपर्यंत काहीही. शेतीप्रधान ग्रह, औद्योगिक ग्रह, श्रीमंत, गरीब यांनुसार फाशात भर-घट. म्हणजे डोकं चालवून वाटा निवडता येतात, पण खात्री कधीच नाही. आणि तरीही कुणी हप्ते बुडवून जहाजासकट पळालाच, तर त्यासाठीही नियम आहे: बँकेची वसुलीची माणसं कुठल्याही बंदरावर भेटू शकतात.

मिलरची हुशारी कुठे आहे, ते नीट बघा. त्याने मोठी अर्थव्यवस्था उभी केलीच नाही. पुरवठा, मागणी, चलनफुगवटा, काही नाही. त्याने फक्त भाडं आणि हप्ता असे जुळवले की सरळ मार्गाने गेलं तर पैसे थोडेसे कमी पडतात. फार कमी नाही, थोडेसेच. त्या 'थोड्याशा'तून सगळ्या गोष्टी निर्माण होतात. पेटीत काय आहे ते न विचारता ती पोचवण्याचं काम तुम्ही का घेता? इंजिन खडखडत असताना का उडता? हप्ता आहे म्हणून. डंजन मास्टरला ड्रॅगन आणून खेळाडूंना घराबाहेर काढावं लागतं, इथे बँकेची एक तारीख पुरते.

हा भाग वाचताना मला २०१४ आठवलं. त्या वर्षी मी फ्लॅट घेतला, वीस वर्षांचं कर्ज काढून. सहा महिन्यांनी एक जुना सहकारी भेटला. तो स्वतःचं काहीतरी सुरू करत होता आणि मला बरोबर घ्यायला बघत होता. पगार निम्मा, काम मात्र मला मनापासून आवडणारं. चहा पिता पिता मी डोक्यात वजाबाकी केली आणि नाही म्हणालो. पुढे दोन वर्षांत त्याचं ते दुकान बंद झालं, आणि घरचे म्हणाले, बघ, वाचलास. पण मला कधी तसं वाटलं नाही. कारण निर्णय मी घेतलाच नव्हता, हप्त्याने घेतला होता.

बरीच वर्षं मला वाटायचं की कर्ज माणसाला भित्रं करतं. ट्रॅव्हलरचा हिशोब मांडून बघितल्यावर लक्षात आलं की गोष्ट तेवढी सरळ नाही. तोच हप्ता त्या जहाजाला धाडसी करतो! फरक त्या 'थोड्याशा'चा आहे. जहाजाचं भाडं हप्त्याला थोडं कमी पडतं, म्हणून ते उडतं. माझा पगार हप्त्याला थोडा पुरून उरतो, म्हणून मी खुर्चीत बसून राहतो. दोन्हीकडे कुणीतरी आकडे जुळवलेले आहेत. मिलरने गोष्ट घडावी म्हणून जुळवले, आमच्या एचआरने ती घडू नये म्हणून. नियम करणारा माणूस वाईट असतो असं नाही. पण आकडे काय करायला लावतात, हे त्याला आपल्यापेक्षा आधी माहीत असतं.

असो. गाडी परत इतिहासावर आणतो.

फँटसीवाल्यांनीही पुढे प्रयत्न केले. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एका काल्पनिक जगासाठी १९८८ मध्ये मिनरोथॅड नावाच्या व्यापारी संघांवर आणि १९८९ मध्ये डारोकिन नावाच्या व्यापाऱ्यांच्या प्रजासत्ताकावर पुस्तकं निघाली. त्यांत व्यापारी हेच पात्र घेऊन खेळायची सोय होती. चांगली पुस्तकं आहेत, पण टेबलावर त्यांचा हिशोब करायचा म्हणजे दर शनिवारी एक्सेल शीट भरणं. आणि तेच करून कंटाळलेली माणसं शनिवारी खेळायला आलेली असतात.

मग हिशोब कॉम्प्युटरवर गेला, आणि मोठा धडा मिळाला तो १९९७ मध्ये. 'अल्टिमा ऑनलाइन' हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळायचा फँटसी गेम त्या वर्षी आला. राफ कोस्टर त्याच्या मुख्य रचनाकारांपैकी एक. त्यांची कल्पना फार सुंदर होती: बंद अर्थव्यवस्था. जगात लोखंड, लाकूड, सोनं ठरावीकच. खेळाडूने लोखंडाची तलवार केली की तेवढं लोखंड साठ्यातून कमी. तलवार झिजून मोडली की ते परत साठ्यात. एकदम निसर्गासारखं चक्र. कागदावर बघितलं तर मेमरी मॅनेजमेंटचा उत्तम नमुना.

फक्त एक गोष्ट राहिली. लोक मेमरी परतच करेनात. खेळाडूंनी वस्तू घरात साठवायला सुरुवात केली. शर्ट, तलवारी, पेट्या, पेट्यांत पेट्या. (आमच्या आजीच्या माळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांची एक पिशवी असे, तसं.) वापरायचं नाही, मोडायचं नाही, टाकायचं नाही. साठा आटला आणि नव्या खेळाडूंना काही मिळेना. शिवाय कौशल्य वाढवायला लोक एकसारखे शर्ट शिवत सुटले. ते कुणालाच नको होते, तरी दुकानदाराने विकत घ्यावेत ही अपेक्षा. दुकानदार नाही म्हणाला की खेळाडू चिडायचे. त्यात नाण्यांच्या नकला करता येणारे बग. शेवटी बंद चक्राचा नाद सोडून सरळ पद्धत आली, जिला त्या धंद्यात नळ आणि मोरी म्हणतात. राक्षस मारला की नाणी येतात, हा नळ. दुरुस्ती, घर, फी यांत नाणी जातात, ही मोरी. नळ आणि मोरी जुळली तर भाव स्थिर. मोरी तुंबली की महागाई.

गायगॅक्सने १९७९ मध्ये हेच केलं होतं! महिन्याचा खर्च आणि गुरूची फी म्हणजे मोरीच. मधल्या अठरा वर्षांत सगळे विसरले होते, इतकंच. आमच्या क्षेत्रात याला आपण 'लेगसी कोड न वाचणे' म्हणतो.

पुढे २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या गेमवर एक निबंध लिहिला. १९९९ ला आलेल्या या गेममधली नाणी आणि तलवारी लोक लिलावाच्या साइटवर खऱ्या डॉलरना विकत होते. त्याने त्या भावांवरून हिशोब मांडला. या काल्पनिक जगात तासभर खेळणारा माणूस सरासरी ३.४२ डॉलरची कमाई करतो, आणि तिथलं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं आहे! लोकांनी तो निबंध हसत हसत वाचला, पण त्यातली मूळ गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. काल्पनिक नाण्यामागे कुणाचातरी खरा वेळ गेला असेल, तर ते नाणं काल्पनिक राहत नाही.

आणि शेवटचं उदाहरण उलट्या बाजूचं. २०१२ मध्ये 'डायब्लो ३' आला, त्यात लिलावघर होतं. सापडलेल्या वस्तू नाण्यांनाच नव्हे, खऱ्या पैशांनाही विका-घ्या. व्यापारातली प्रत्येक अडचण दूर केलेली: गिऱ्हाईक शोधायला नको, अंतर नाही, घासाघीस नाही, एक बटण दाबलं की काम झालं. परिणाम? खेळायचं कशाला हेच लोकांना कळेना. राक्षस मारून चांगली तलवार मिळवण्यात जी मजा, ती लिलावघरात यादी चाळण्यात कुठून येणार? कंपनीने स्वतःच कबूल केलं की यामुळे खेळाचा गाभाच पोखरला गेला, आणि १८ मार्च २०१४ ला लिलावघराला कुलूप लावलं.

म्हणजे बघा, यादीने व्यापार झाला नाही, बंद चक्राने झाला नाही, आणि गुळगुळीत बाजारानेही झाला नाही. झाला फक्त तिथे, जिथे कुणीतरी विचारपूर्वक एक अडचण ठेवली होती. अंतर, वेळ, गिऱ्हाइकाचा पत्ता नसणं, आणि पहिल्या तारखेचा हप्ता. नियम करणाऱ्याचं काम अडचणी काढायचं नाही, योग्य अडचण निवडायचं आहे.

आता आमच्या शिडीचं काय झालं ते सांगतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा बग सुधारलाय. शिडी एक चांदीची, म्हणजे दहा तांब्यांची, आणि काठी पाच तांब्यांची. किमती उलट्या केल्या, झालं काम. आणि २०२४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात तर सरळच सांगून टाकलंय की हे नियम म्हणजे खऱ्या अर्थव्यवस्थेचं मॉडेल नव्हे, पळवाटा काढून अमर्याद संपत्ती करणाऱ्यांना मास्टरने नाही म्हणावं. पन्नास वर्षांनी 'वोन्ट फिक्स' करून तिकीट बंद! मला पटलं, पण थोडं वाईटही वाटलं. नाही म्हणणं सोपं आहे, पण त्याने सीए मित्राची ती डोळ्यांतली चमकही जाते. आणि ज्या माणसाने यादी एवढी मन लावून वाचली, त्याला खेळायला काहीतरी द्यायला हवं.

म्हणून पुढच्या बैठकीत मी हो म्हणालो. फक्त ते चार प्रश्न विचारले. गावातल्या सुताराकडे तयार शिड्या सहाच होत्या. हजार हव्या असतील तर लाकडासाठी आगाऊ रक्कम लागेल. काठ्या घेणारा एकच, खाणीचा मुकादम, तीन दिवसांच्या वाटेवर. गाडी आणि खेचरं भाड्याने. आणि मित्राकडे पैसे कमी पडत होते, म्हणून गावच्या सावकाराकडून कर्ज, पौर्णिमेला हप्ता.

मित्राने पुन्हा मोबाइल काढला. मीही हिशोब करूनच आलो होतो. सगळं सुरळीत झालं तर त्याला थोडेसे कमी पडणार होते. जंगलातल्या जवळच्या वाटेने गेला तर पुरणार होते. त्या वाटेवर काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

तो बराच वेळ आकड्यांकडे बघत बसला. मग माझ्याकडे बघून हसला, सीए लोक बॅलन्स शीटमधली चलाखी सापडल्यावर हसतात तसा. "हप्ता मुद्दाम एवढा ठेवलायस ना?"

"हो."

"चला मग," तो म्हणाला. "जंगलातून."

साडेतीन तास खेळलो त्या दिवशी. काठ्या निम्म्याच पोचल्या, एक खेचर गेलं, आणि हप्ता दोन दिवस उशिरा भरला. परत येताना सगळे त्या खेचराबद्दलच बोलत होते.

माझे अजून आठ वर्षांचे हप्ते बाकी आहेत. घरी येऊन मी तो कागदही एकदा काढून बघितला. किती पुरतात, किती उरतात, आणि तो आकडा मला नेमकं काय करायला लावतोय, एवढंच बघितलं. अजून जंगलाची वाट धरलेली नाही. पण कुठे आहे ते आता माहीत आहे.

तूर्तास इतकंच. पुढच्या शनिवारी खेळ आहे, त्यामुळे पुढचा लेख रविवारी.